पैसे भरलेत, तरी ईमेल बंद! एकाच सॉफ्टवेअर कंपनीवर विसंबणं किती महागात पडतं?

जुलै 2025. गुजरातमधल्या वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे. वर्षाला 2 कोटी टन तेल शुद्ध करायची तिची क्षमता. एक दिवस कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं आउटलूक आणि टीम्स अचानक बंद झालं.

नेमकं काय घडलं?

नायरामध्ये रशियाच्या रॉसनेफ्टचा सुमारे 49 टक्के वाटा आहे. 18 जुलैला युरोपियन युनियनने नायरावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. लायसन्सचे पैसे भरलेत आणि हे निर्बंध भारतात लागू नाहीत, असं नायराचं म्हणणं. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि 30 जुलैपर्यंत सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात कंपनीने मुंबईच्या रेडिफचा ईमेल वापरायला घेतला.

फक्त निर्बंधांचीच भीती आहे का?

नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद झालं, फक्त सबस्क्रिप्शन उरलं. सगळा सर्व्हर त्यावरच चालत असेल, तर ग्राहक भाव काय करणार?

मग फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायचं?

तेही सोपं नाही. जर्मनीच्या म्युनिक महापालिकेने सुमारे 15 हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले. पण 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. लायसन्सचा खर्च वाचतो, पण लोकांना शिकवणं, जुन्या फाइल्स नीट उघडणं आणि बाहेरच्यांशी देवाणघेवाण करणं याला वेळ आणि पैसा लागतोच.

छोट्या धंद्याने काय करावं?

सगळं एका रात्रीत बदलायची गरज नाही. बाहेर पडायचा रस्ता मात्र मोकळा हवा.

- ईमेलसाठी स्वतःचं डोमेन घ्या. मग सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो.
- हिशेब आणि ग्राहकांची यादी दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा, तीही इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात.
- करार करताना विचारा: सेवा बंद केली तर डेटा किती दिवसांत आणि कसा मिळेल?

आणि हो, तुमचं डोमेन तुमच्याच नावावर आहे ना? बऱ्याचदा ते वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असतं. आजच बघून घ्या.