पाणी कोणी मागायचं?

जयपूर जिल्ह्यातल्या बस्सी तालुक्यात भटेरी नावाचं गाव आहे. तिथल्या भंवरीदेवी जातीने कुंभार. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या ‘साथिन’ म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती म्हणून काम करत. १९९२ मध्ये गावातल्या एका गुर्जर घरातलं तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायला त्या गेल्या. त्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबरला नवऱ्यासमोर आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी त्यांची फिर्याद. गावाने घर वाळीत टाकलं. त्यांची मडकी कोणी घेईना, त्यांना कोणी दूध देईना.

नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं केलं. निकालाच्या कारणांपैकी एक देशभर गाजलं: वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवून स्वतःला बाटवून घेणार नाही!

आ वासून पाहावं अशीच ही गोष्ट. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता गुन्हा ठरवली, आणि इथे तीच शिवाशिव निर्दोषपणाचा दाखला बनून कोर्टात उभी. जन्माने मिळालेल्या मोठेपणाचा हा सगळ्यात चमत्कारिक गुण म्हणायचा. तो अपमानही करतो आणि त्याच अपमानाच्या जोरावर सुटतोही. याच प्रकरणातून पुढे सर्वोच्च न्यायालयाचा १३ ऑगस्ट १९९७ चा ‘विशाखा’ निकाल आला, हे खरं. पण तो कामाच्या जागेवरच्या लैंगिक छळाबद्दल होता. शिवाशिवीच्या त्या तर्काचा हिशेब तिथे झाला नाही.

ख्रिस्ती परंपरेत या तर्काला उलटं करणारी एक जुनी कथा आहे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात. भर दुपार, सूखार गावाजवळची याकोबाची विहीर, चालून दमलेला येशू. जवळ ना पोहरा, ना दोर. घागर घेऊन एक शोमरोनी बाई येते. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या हातचं पाणी घेत नसे. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि बाई चक्रावते. प्रवचनं इथून झटकन ‘जिवंत पाण्या’कडे पळतात. मला मात्र ती पहिली मागणीच अडवते. आपल्याकडे पाण्याची दिशा ठरलेली होती: वरचा उभा राहून ओततो, खालचा वाकून ओंजळ धरतो. इथे ज्याला देव म्हणायचं त्यानेच ओंजळ पुढे केली, आणि उपकार करायचा मान बाईकडे गेला.

मान सोडणं सोपं नसतं, सोसलेल्यालाही नाही. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, नेहरूंच्या घरी जेवले. पुढे केरळात दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘अमेरिकेतला अस्पृश्य’ अशी. किंग यांनीच १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलं, की आधी आपल्याला ते लागलं. मग मायदेशातल्या कोट्यवधी काळ्या माणसांचं जिणं आठवलं, आणि ओळख बरोबर होती हे पटलं. गोऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध लढणाऱ्या पाद्र्यालाही आपण कोणाच्या तरी वर बसलोय हे कळायला एक मुख्याध्यापक लागला!

महाराष्ट्रात मान सोडण्याचं हे कोडं आणखी गुंतागुंतीचं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पण पुढे त्यांच्याकडे राहायला आलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोवळं काही लगेच सुटलं नाही. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे त्यांना पटलं तेव्हाच त्यांचा विटाळ गेला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःलाच चिमटे काढत लिहिलंय.

पण मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की आठवतात ते टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. तिघंही ब्राह्मण घरातली. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मात्र बाकांवर बसणारे बहुतेक महार आणि मांग. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी या दुखण्यावर बोट ठेवलं: भारतातलं ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी गप्पा मारण्यातच रमलं, आणि मंडळीतला दलित त्यात कुठे दिसलाच नाही. त्यांच्या त्या मांडणीतून ‘दलित ईश्वरविज्ञान’ उभं राहिलं, आणि त्यातला येशू स्वतःच दलित होता.