गतिवर्धित क्लिप (चित्रफीत संपादन)

गतिवर्धित क्लिप म्हणजे मूळ घटनेपेक्षा अधिक वेगाने दिसणारा चित्रणाचा तुकडा होय. काही वेळा हा वेग संपादकाने हेतुपुरस्सर दिलेला असतो, तर काही वेळा चित्रणाचा मूळ दर सॉफ्टवेअरने चुकीचा गृहीत धरल्यामुळे तो उद्भवतो. दोन्ही प्रकारांत चित्र अडखळणे, आवाज चिरका होणे, चित्र व ध्वनी यांचा मेळ सुटणे असे दोष आढळतात. चित्रण सेकंदाला किती चौकटींनी झाले आणि ते किती चौकटींनी दाखवले जात आहे, या प्रश्नापासून त्यांचे निदान सुरू होते.

गतीचे तत्त्व

चलच्चित्र ही स्थिर चौकटींची, म्हणजेच फ्रेमची, मालिका असते. चित्रणाचा व प्रदर्शनाचा दर समान असल्यास हालचाल स्वाभाविक दिसते. प्रदर्शनाचा दर वाढल्यास ती जलद होते. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई, त्यामुळे दर निश्चित नसे. बोलपटांबरोबर सेकंदाला २४ चौकटींचा दर रूढ झाला. कमी दराने चित्रित झालेले मूकपट या दराने दाखवले की त्यांतील माणसे लगबगीने व हास्यास्पद रीतीने चालताना दिसतात. हा दोष अभिनयाचा नसून प्रदर्शनाचा आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. त्या हिशेबाने सेकंदाला १६ चौकटी धरल्यास हा चित्रपट सुमारे ६२ मिनिटे चालेल, तर २४ चौकटी धरल्यास सुमारे ४१ मिनिटांत संपेल. फिल्म तीच असूनही केवळ दर बदलल्याने कालावधीत सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो.

दर चुकीचा वाचला जाणे

भारतातील दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चौकटींची प्रणाली वापरते, तर मोबाइलवरील चित्रण पुष्कळदा ३० किंवा ६० चौकटींचे असते. २५ चौकटींचे चित्रण ३० चे समजून चालवल्यास ६० सेकंदांची क्रिया ५० सेकंदांत उरकते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांमुळे मल्लखांबाची परंपरा वऱ्हाडात रुजली आहे. अशा व्यायामप्रकाराच्या अभ्यासासाठी केलेल्या चित्रणात ही चूक राहिल्यास खेळाडूच्या चपळाईविषयीचा निष्कर्षच चुकतो. यावर उपाय म्हणजे क्लिपचे गुणधर्म पाहून तिचा मूळ दर सॉफ्टवेअरमध्ये योग्य नोंदवणे. येथे वेगाची टक्केवारी बदलत बसू नये.

मोबाइलच्या चित्रणात चौकटींचा दर अनेकदा कमीजास्त होत राहतो. त्यामुळे आवाज हळूहळू चित्राच्या पुढे किंवा मागे जातो. असे चित्रण संपादनापूर्वी हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर दरात रूपांतरित करून घेतात.

मुद्दाम वेग वाढवताना येणारे दोष

श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिरात गांधीग्राम येथील पूर्णा नदीचे जल कावडीने आणले जाते. अशा मिरवणुकीचे कित्येक तासांचे चित्रण काही मिनिटांत बसवताना पुढील अडचणी येऊ शकतात:

• चित्र अडखळणे: वेग दुप्पट किंवा चौपट केल्यास प्रत्येक दुसरी किंवा चौथी चौकट घेतली जाते व अंतर सारखे राहते. १५० टक्के वेगात मात्र आळीपाळीने एक व दोन चौकटींची उडी पडते आणि चाल अडखळते. शक्य तेथे पूर्णांकी पट निवडावी अथवा लगतच्या चौकटींचे मिश्रण करण्याची सोय वापरावी.

• केवळ पूर्वदृश्यात अडखळणे: आठपट वेगाने दाखवताना संगणकाला तेवढ्याच वेळात आठपट चौकटी उलगडाव्या लागू शकतात. थोडा भाग निर्यात करून पाहावा. तो सुरळीत चालल्यास दोष क्लिपमध्ये नसून संगणकावरील भारात असतो. संपादनापुरती कमी आकाराची प्रत वापरल्यास तो टळतो.

• आवाज चिरका होणे: वेग दुप्पट होताच ध्वनी एका सप्तकाने वर चढतो. स्वराची उंची कायम राखण्याचा पर्याय निवडल्यास हे टळते, परंतु ढोलताशांची लय जलदच राहते. म्हणून मूळ ध्वनी बंद करून सामान्य वेगाचा ध्वनी स्वतंत्रपणे जोडणे श्रेयस्कर ठरते.

• मोकळी जागा राहणे: क्लिप आखूड झाल्यावर पुढील क्लिपा आपोआप सरकल्या नाहीत, तर मधे काळा पडदा दिसतो. वेग बदलताना पुढील क्लिपा सरकवण्याचा पर्याय निवडावा.

मूळ चित्रणाचे जतन

गतिवर्धित क्लिप निर्यात होताना वगळलेल्या चौकटी नव्या फाइलमध्ये उतरत नाहीत. चौपट वेगाच्या क्लिपचा वेग पुन्हा चौथाई केल्यास कालावधी पूर्ववत होतो, पण गेलेल्या चौकटी परत येत नाहीत. सॉफ्टवेअर त्यांच्या जागी कल्पित चौकटी भरू शकते, परंतु त्या प्रत्यक्ष घडलेल्या क्षणांचा पुरावा ठरत नाहीत. म्हणून उत्सव, खेळ किंवा कौटुंबिक प्रसंगांची मूळ फाइल, तिच्या दराच्या नोंदीसह, स्वतंत्रपणे जपून ठेवणे आवश्यक असते.