लाल चट्टा, पिवळा प्रकाश

बाळाच्या गालावर लालभडक चट्टा दिसला, की पहिली चौकशी आईची होते. ‘ग्रहणात विळीला हात लावला होतास का?’ बाळंतिणीला हा प्रश्न आजही ऐकावा लागतो. तिचा यात काडीचाही दोष नाही. अशा चट्ट्याला डॉक्टर ‘पोर्ट-वाइन स्टेन’ म्हणतात. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या ‘जीएनएक्यू’ जनुकात झालेला बदल बहुतेक चट्ट्यांच्या मुळाशी असतो, हे २०१३ मध्ये उघड झालं. हा बदल आईवडिलांकडून वारशाने येत नाही.

चट्टा म्हणजे त्वचेतल्या रुंदावलेल्या केशवाहिन्यांचं जाळं. तो कर्करोग नव्हे. बोटाने दाबला की फिका पडतो, बोट उचललं की पुन्हा लाल होतो. तो आपोआप जात नाही. मुलाबरोबर वाढतो, मोठेपणी गडद आणि जाडसरही होऊ शकतो.

‘हिमँजिओमा’ ही रक्तवाहिन्यांची गाठ मात्र वेगळी. ती जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागते, भराभर फुगते आणि पुढे काही वर्षांत ओसरते. प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकारावरच्या औषधाने ती आटते, हे फ्रेंच डॉक्टरांनी २००८ मध्ये नोंदवलं. म्हणून आधी निदान, मग लेसरचं यंत्र.

मुंबईत माहुलजवळच्या ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६०च्या दशकातच लेसर तयार झाला होता. बारामतीत जन्मलेले आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. तो पेशींमधलं पाणी तापवून कापतो. लाल चट्ट्यासाठी मात्र कातडी राखून फक्त रक्ताला गाठणारा प्रकाश हवा होता. त्यामागचं तत्त्व संशोधक अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं आणि त्यातून पल्स्ड डाय लेसर घडला. त्याचा ५९५ नॅनोमीटरचा पिवळसर प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेतं. रक्तवाहिनी आतून तापते आणि बंद पडते.

डोळे झाकून रुग्णाला झोपवतात. आधी गार फवारा, लगोलग रबर ताणून सोडल्यासारखा चटका, आणि जागेवर जांभळा ठिपका. तो आठ-पंधरा दिवसांत मावळतो. एका सिटिंगमध्ये भागत नाही. महिना-दोन महिन्यांच्या अंतराने अनेकदा यावं लागतं. चट्टा बराच फिका होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही हा प्रकाश ओढून घेतं, त्यामुळे मात्रा चुकली तर भाजतं किंवा नवा डाग पडतो. म्हणूनच आधी छोट्या जागेवर चाचणी घेतात.

चट्टा कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल, तर डोळ्यातला दाब तपासायलाच हवा आणि झटके येतात का याकडे लक्ष हवं. माहुलकरांसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचा, नेत्र आणि बालरोग हे विभाग एकाच आवारात आहेत. बाळाला नेताना जन्मापासूनचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत. चट्टा जन्मतःच होता की नंतर उगवला, वाढला की ओसरला, हे त्यावरून डॉक्टरांना चटकन कळतं.