शिराइशींचा पट्टा

सुशीच्या जुन्या वळणाच्या दुकानात माशांची नावं लाकडी पाट्यांवर लिहून टांगलेली असतात. किंमत बहुतेक वेळा नसतेच. असली तर ‘आजचा भाव’ एवढंच लिहिलेलं असतं. लाकडी फळीपलीकडे उभा असलेला कारागीर एकेक घास हातानं वळून समोर ठेवतो, आपण खात राहतो आणि किती झाले ते उठताना कळतं. मासळीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे यात लबाडी काही नाही. पण मोजके पैसे घेऊन निघालेला माणूस अशा दुकानाच्या दाराशी जातो, आत डोकावतो आणि पुढे चालू लागतो. ओसाकाचे योशिआकी शिराइशी यांनी या माणसाला आत आणून बसवलं. त्यासाठी त्यांनी जे यंत्र घडवलं, त्याला मी विसाव्या शतकातल्या खाद्यव्यवहारातल्या फार मोठ्या शोधांमध्ये धरतो.

खरं तर सुशी मुळात गरिबाघरचीच. आज जगभर दिसणारी हातानं वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आताच्या तोक्योत, रस्त्यावरच्या गाड्यांवर रुजली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. कामावर जाता-येता उभ्या उभ्या दोन घास खायचे आणि पुढे निघायचं, अशी तिची रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. सुशी दुकानांच्या आत गेली आणि तिथे हळूहळू महाग होत गेली.

शिराइशींचा जन्म 1913 सालचा. युद्धानंतर ओसाकाच्या पूर्वेला, लहान-मोठ्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं उभ्यानं खायचं छोटं सुशीचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यांतले कामगार. त्यांना पोटभर आणि स्वस्त हवं असायचं. स्वस्त विकायचं तर माणसं कमी ठेवायला हवीत, आणि माणसं कमी ठेवली की गर्दीच्या वेळी हात पुरत नाहीत. या कोंडीत असताना ते आसाही बिअरचा कारखाना पाहायला गेले. तिथे पट्ट्यावरून एकामागून एक सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना वाटलं, बाटल्यांच्या जागी सुशीच्या बशा का नकोत?

कल्पना सुचली, पण ती उतरवण्यात वर्षं गेली. खरी अडचण कोपऱ्याची होती. कारखान्यातला पट्टा सरळ धावतो, त्याला जागा भरपूर असते. चिंचोळ्या दुकानात पट्ट्याला स्वयंपाक्याभोवती फिरून परत यायचं असतं. वळणावर सरळ पट्ट्या एकमेकींपासून फाकतात, मध्ये फट पडते आणि बशी अडखळते. शिराइशींना पंख्यासारखी पसरणारी रचना सुचली ती स्वतःच्या हाताची बोटं फाकवून पाहताना, असं सांगतात. आजच्या पट्ट्यावर हाच विचार चंद्रकोरीच्या आकारात दिसतो. एका कोरीच्या पोटात पुढच्या कोरीची पाठ बसते, त्यामुळे वळणावरही फट उघडत नाही. जपानमध्ये अशा दुकानात बसलात तर बशा उचलण्याआधी त्यांच्याखालचा हा सांधा जरूर पाहा.

वेगाचाही विचार करावा लागला. पट्टा जोरात पळाला तर मासा वाळतो, बशी नीट दिसत नाही, खाणाऱ्याला हातघाई होते. फार हळू गेला तर माणूस कंटाळतो. शेवटी जो वेग रूढ झाला तो सेकंदाला सुमारे 8 सेंटीमीटर. या वेगात डोळ्यांना मासा ओळखता येतो, मनाला ‘घेऊ का नको’ ठरवता येतं आणि हाताला पोचता येतं.

1958 साली फुसे शहरात, म्हणजे आजच्या हिगाशी-ओसाकात, ‘गेनरोकू’ या नावानं शिराइशींचं पहिलं फिरत्या पट्ट्याचं दुकान उघडलं. 1962 मध्ये शिराइशींनी यंत्राची नोंदणी करून हक्क मिळवला. 1970 च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं दुकान लागलं आणि देशभरातून आलेल्या लोकांनी पट्टा पहिल्यांदा पाहिला. तिथून तो गावोगावी गेला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला त्यांचा एकाधिकार संपला, तसे दुसरेही या धंद्यात उतरले. शिराइशींनी पुढे यंत्रमानवाकडून सुशी वाढायचाही प्रयत्न केला. तो चालला नाही. 2001 साली ते वारले.

पट्टे बनवण्याचं काम मात्र ओसाकात राहिलं नाही. ते जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, कानाझावा शहराच्या परिसरात एकवटलं. तिथल्या इशिनो सेइसाकुशो या कारखान्याने पट्ट्याबरोबरच प्रत्येक बैठकीपुढे गरम पाण्याचा नळ बसवायची सोय काढली. कपात हिरव्या चहाची पूड घालायची, नळाला कप लावून दाबायचं, की चहा तयार. वाढप्याला हाक मारायला नको. सुशीच्या दुकानात चहा सतत लागतो, कारण प्रत्येक माशानंतर तोंड स्वच्छ करायचं असतं. वाढप्याच्या फेऱ्यांपैकी निम्म्या तरी या एका नळानं वाचवल्या असतील, असं मला वाटतं.

यंत्राची दुसरी मजल भाताची. सुशीत मासा डोळ्यांत भरतो, पण कस लागतो तो भाताचा. शिरका, मीठ आणि साखर लावलेला भात बोटांत सुटू नये आणि तोंडात मात्र लगेच सुटावा, असा वळायला कारागिराला वर्षं लागतात. हे काम यंत्राला शिकवलं सुझुमो या कंपनीने. ती मूळची मिठाईची यंत्रं बनवणारी. त्या काळी जपानी सरकार शेतकऱ्यांना भाताखालचं क्षेत्र कमी करायला सांगत होतं, कारण देशात लोक भात कमी खाऊ लागले होते. कंपनीचे संस्थापक किसाकू सुझुकी यांना हे मनापासून खटकलं. सुशी स्वस्त झाली तर भात खपेल, या विचारानं ते कामाला लागले आणि 1981 साली भाताचे घास वळणारं यंत्र बाजारात आलं. पट्ट्यानं वाढप्याचं काम घेतलं होतं, आता वळणाऱ्या हाताचं कामही यंत्राकडे गेलं. मुरलेल्या कारागिराच्या हातची सर त्या घासाला येत नाही, हे खरंच आहे. पण 100 येनच्या बशीत दोन घास मिळू लागले ते या दोन यंत्रांमुळे, आणि त्या बशीवर पोरांना घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं जेवू लागली.

माशांची यादीसुद्धा पट्ट्यानं बदलली. सामन मासा जपानी लोक पूर्वी खारवून किंवा भाजून खात. प्रशांत महासागरातल्या सामनमध्ये परजीवी असतात, म्हणून तो कच्चा खायची पद्धत नव्हती. 1985 च्या सुमारास नॉर्वेने आपला शेतीतला सामन जपानला विकायची मोहीम काढली. हा मासा खाद्यावर वाढवलेला, त्यामुळे तो कच्चा खाता येतो, हे पटवायला त्यांना वर्षं लागली. जुन्या दुकानांनी नाकं मुरडली, पट्ट्यावर मात्र तो चालला. केशरी रंगाची, चरबीदार, मुलांना आवडणारी बशी समोरून गेली की हात आपोआप जातो. आज फिरत्या सुशीच्या दुकानांत सामन सगळ्यांत लाडका आहे. जुन्या दुकानात असलं काही मागायला माणूस बिचकला असता. पट्ट्यावर मागावंच लागत नाही.

आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींसाठी इथेच सांगून ठेवतो. काकडीची काप्पामाकी निर्धोक असते. गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी दिसायला शाकाहारी असली, तरी ती पिशवी बहुधा माशाच्या पाण्यात शिजवलेली असते.

मोठ्या कंपन्यांनी पुढे या पट्ट्याला हिशेब शिकवला. सुशिरोने बशीखाली चिप बसवली. बशी पट्ट्यावर 350 मीटर फिरली की आपोआप बाजूला काढली जायची. आठ सेंटीमीटरच्या हिशेबाने हे सव्वा तासाच्या आसपास होतं. कुरा सुशीने प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण घातलं. रिकामी बशी टेबलाच्या फटीत टाकली की ती पाण्याच्या प्रवाहातून धुवायला जाते आणि जाता जाता मोजलीही जाते. पाच बशा झाल्या की पडद्यावर एक खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर खेळण्याची डबी मिळते. या डबीपायी मुलं आईबापांना आणखी एक बशी खायला लावतात.

मग 2023 चा जानेवारी आला. गिफू शहरातल्या सुशिरोच्या एका दुकानात एका मुलाने सोयासॉसच्या बाटलीचं तोंड आणि कप चाटले, त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला. मला त्या मुलापेक्षा पट्ट्याची काळजी वाटली. आपल्यापुढून गेलेल्या बशीला पुढच्या माणसाकडे जाईपर्यंत कुणी हात लावणार नाही, या विश्वासावर सगळा पट्टा फिरतो. त्यानंतर अनेक दुकानांनी बशा फिरवणं थांबवलं. आता पडद्यावर बोट लावायचं आणि मागवलेली बशी सरळ रुळावरून थेट आपल्या टेबलाशी येऊन थांबते. सुशिरोने तर मोठ्या पडद्यावर सुशीची चित्रं फिरवायला सुरुवात केली. स्वस्ताईही त्याआधीच ओसरू लागली होती. 2022 च्या ऑक्टोबरात सुशिरोची सर्वांत स्वस्त बशी करासह 110 येनवरून 120 येनवर गेली.

मागवून खाण्यात अन्न वाया जात नाही आणि घास ताजा मिळतो, हे मला मान्य आहे. तरीही यात काहीतरी मोलाचं हातचं जातंय, असं मला ठामपणे वाटतं. पडद्यावर माणूस ज्याचं नाव माहीत आहे तेच मागवतो. पट्टा मात्र अक्षर न वाचता येणाऱ्या परदेशी पाहुण्याला, चार वर्षांच्या पोरीला आणि पहिल्यांदाच सुशी खाणाऱ्या कामगाराला एकसारखी ओळख करून द्यायचा. भाषा लागत नव्हती आणि किंमत बशीच्या रंगावरून कळायची.

ओसाकात गेलात तर दोतोनबोरीत गेनरोकूचं दुकान आहे. बसल्या बसल्या हात घालू नका. पट्ट्याचा एक फेरा पूर्ण होऊ द्या, कारागीर नवीन बशी कुठून ठेवतो ते पाहा आणि त्या बाजूची, नाव माहीत नसलेली एक तरी बशी उचला. फक्त एकदा हात लावलेली बशी परत पट्ट्यावर ठेवायची नसते, एवढं लक्षात असू द्या.