राहाता परिसरातील पेरूबागेची वसंतकालीन मशागत

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुका पेरूसाठी प्रसिद्ध आहे. पेरूस फुले चालू हंगामातील नव्या फुटीवर येतात. त्यामुळे ही फूट योग्य वेळी आणणे, हेच बहार धरण्याचे मर्म होय. मृग बहार धरावयाचा असल्यास हिवाळी फळांची तोडणी संपताच वाळलेल्या व रोगट फांद्या छाटाव्यात, गळालेली फळे वेचून नष्ट करावीत आणि पाणी क्रमाक्रमाने कमी करून उन्हाळ्यात बागेस ताण द्यावा. ताणामुळे शाकीय वाढ थांबते व फांद्यांत अन्नसाठा होतो. हलक्या जमिनीत ताणाचा काळ कमी, तर भारी जमिनीत अधिक असतो. फाल्गुनात पाणी चालू ठेवल्यास आंबे बहार फुटतो. त्याची फळे पावसाळ्यात पिकून पाणचट होतात व फळमाशीस बळी पडतात. म्हणून कालव्याचे आवर्तन आले, तरी बागेस पाणी देण्याचा मोह टाळणे, हेच या दिवसांतील मुख्य काम ठरते.