दशावताराचं चॅनेल आणि जाहिरातीचा पैसा

कुडाळला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दुकान बंद करून मी कॅमेरा घेऊन देवळाकडे जातो आणि रात्रभर चालणारा दशावतार टिपून यूट्यूबवर ठेवतो. मुंबईत, पुण्यात नोकरीला गेलेली आमची माणसं तो बघतात. चॅनेलचे एक हजार सबस्क्रायबर झाले तेव्हा घरात, दुकानात, जत्रेत सगळे एकच विचारू लागले: आता यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅमला अर्ज कधी?

या प्रोग्रॅममधून जाहिरातींच्या कमाईत वाटा हवा असेल तर एक हजार सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचं बघणं लागतं. (शॉर्ट्सवाल्यांसाठी तासांऐवजी ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तीन तासांचं नाटक एखाद्याने वीस मिनिटं जरी बघितलं, तरी बारा हजार वेळा उघडलं गेलं की काम होतं. दोन मिनिटांच्या व्हिडिओला तेच गाठायला सव्वा लाखाच्या आसपास व्ह्यूज हवेत. लांब कलेला इथे फायदा आहे, आणि मला त्याचा आनंद आहे.

अर्ज न करणं म्हणजे जाहिरातींपासून लांब राहणं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. पार्टनर नसलेल्या चॅनेलवरही यूट्यूब जाहिराती दाखवू शकतं. भारतात हा नियम २०२१ पासून आहे. अशा वेळी सगळा पैसा यूट्यूबकडे राहतो. पार्टनर झालात तर नेहमीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के तुम्हाला, शॉर्ट्सचे ४५ टक्के. म्हणून ‘आपल्याला पैशाचं काय करायचंय’ एवढ्यावर हा विषय सोडता येत नाही.

माझ्यासाठी खरा प्रश्न वेगळाच होता. हे नाटक कोणाचं?

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभे राहूनच बोलले जातात. म्हणजे त्या रात्रीचं प्रत्येक वाक्य त्या नाटक कंपनीचं स्वतःचं. माझं काय, तर कॅमेरा आणि जागरण. कंपनीच्या मालकांनी मला ‘घे की शूटिंग’ म्हटलं होतं ते प्रेमाने, नाटक चार ठिकाणी पोचावं म्हणून. पार्टनर प्रोग्रॅममध्ये मात्र व्हिडिओतल्या चित्राचा आणि आवाजाचा व्यापारी वापर करण्याचा हक्क तुमच्याकडे असावा लागतो. प्रेमाने दिलेली परवानगी तिथे पुरेशी धरणं मला पटत नाही, मग यूट्यूबने कधी विचारलं नाही तरी.

पेटी, मृदंग, झांज जिवंत वाजते, तरी संगीताचाही घोळ असतोच. एखाद्या पदाला सिनेमातल्या गाण्याची चाल लागली की यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा ती ओळखू शकते, आणि त्या व्हिडिओचा पैसा गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतो.

मी एका कंपनीच्या मालकांशी बोललो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “भाऊ, पैसे मिळतले तर पोरांका काय?” हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. आम्ही कागद केला: त्यांच्या नाटकांची कमाई निम्मी कंपनीची, आणि ती पेटीवाल्यापासून स्त्रीपार्टीपर्यंत सगळ्यांत वाटायची.

रक्कम मोठी असेल असं मी कोणालाच सांगितलं नाही. खात्यात १०० डॉलर साठेपर्यंत पैसे बँकेत येतच नाहीत. त्याआधी, १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो, म्हणून घराचा पत्ता पोस्टमनला सापडेल असा लिहावा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापतात. कराचा फॉर्म पॅनसह भरून भारत-अमेरिका करार लागू केला तर तो १५ टक्के असतो. फॉर्मच भरला नाही तर जगभरातल्या कमाईतून कापणी होऊ शकते. इथल्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवायचं ते वेगळंच.

आमच्याकडे पावसाळ्यात नाटकं बंद. चॅनेलवर सहा महिने काहीच टाकलं नाही तर कमाई थांबवली जाऊ शकते, म्हणून काही नाटकं राखून ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये चढवायची असं ठरवलंय.

दुसऱ्या एका कंपनीने नको म्हटलं. नाटक बघायला माणसं जत्रेत यावीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला मान्य आहे. त्यांचे व्हिडिओ मी उतरवले. काढलेल्या व्हिडिओचे तास मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे चॅनेल ४,००० च्या खाली आलं. पुढच्या जत्रांची नाटकं चढल्यावर अर्ज करेन.