बरोबर किती वाजले?

मेसच्या दारात घड्याळावरून वाद झाला की कोणीतरी मोबाईल पुढे करतो आणि विषय संपतो. पण मोबाईलला वेळ कोण सांगतं? मी हे शोधत गेलो, तेव्हा कळलं की जगाची प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, तंतोतंत दाखवणारं एकही घड्याळ जगात नाही!

सेकंदाची व्याख्या पक्की आहे. १९६७ पासून सीझियम-१३३ अणूच्या ठरावीक लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. अणू चुकत नाही हो, पण त्याच्याभोवतीचं यंत्र चुकतं. तापमान, चुंबकीय क्षेत्र, काहीही आडवं येतं. म्हणून जगभरातल्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळा आपल्या चारशेहून अधिक आण्विक घड्याळांचे आकडे पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे संस्थेकडे पाठवतात. तिथे सरासरी काढतात. भरवशाच्या घड्याळाला वजन जास्त. मग महिन्यातून एकदा पत्रक निघतं : अमुक दिवशी तुमचं घड्याळ इतके नॅनोसेकंद पुढे किंवा मागे होतं. म्हणजे आजची अचूक वेळ कळणार पुढच्या महिन्यात! (आपल्या रिझल्टपेक्षा लवकरच म्हणायचं.) तोवर दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अंदाजाने आपलं घड्याळ जुळवून ठेवते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली भारतीय वेळ.

एवढी काटेकोरी कशाला? जीपीएसमध्ये एक मायक्रोसेकंद चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकतं.

खरी पंचाईत पृथ्वीची आहे. ती एकसारखी फिरत नाही. म्हणून १९७२ पासून घड्याळ आणि पृथ्वी यांच्यातला फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा यासाठी गरजेप्रमाणे एक जादा ‘लीप सेकंद’ घालतात. आतापर्यंत असे २७ झाले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला : ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर चक्क साठावा सेकंद! कॉम्प्युटरला हे पचत नाही. २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्सवरचे कितीतरी सर्व्हर लटकले होते.

शेवटी २०२२ साली वजनमापांच्या जागतिक परिषदेने ठरवलं, की २०३५ पर्यंत ही ०.९ ची मर्यादा वाढवायची. थोडक्यात, सूर्याशी जुळवून घेणं लांबणीवर. सर्व्हरवाल्यांची अडचण मान्य, पण प्रोग्रॅम चुकतो म्हणून घड्याळ बदलायचं, हे मला काही पटलेलं नाही. अर्थात पन्नास वर्षांत २७ सेकंद या हिशोबाने मिनिटभराचा फरक पडायलाच शंभरहून जास्त वर्षं लागतील.